मेस्तक, मोर्तब आणि न्हावा-शेवा

कारकुनी व्यवहाराच्या इतिहासात दोन कामे पूर्वापार शेजारी शेजारी चालत आली आहेत. व्यवहाराची रीत बदलली म्हणजे तीत दुरुस्ती करणे हे एक. आणि बदललेली रीत ती चालवणाऱ्या माणसास उमजेल अशा शब्दांत लिहून ठेवणे हे दुसरे. संगणकाच्या काळात पहिल्यास आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, अद्ययावत ठेवणे व दुसऱ्यास मार्गदर्शिका लिहिणे अशी नावे मिळाली, आणि बहुतेक ठिकाणी ती दोन निराळ्या माणसांच्या हाती गेली. या फारकतीचा विचार उरण तालुक्यात २०१७ साली घडलेल्या एका प्रसंगाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

मार्गदर्शिका हा लेखनप्रकार मराठीस नवा नव्हे. पत्र कसे लिहावे, जमाखर्च कसा मांडावा, अधिकाऱ्याने कोणती कामे पाहावी, हे सांगणारी मेस्तके आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नकलली गेली. त्यांचे कर्तृत्व परंपरेने यादवांचा करणाधिप हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, याच्याकडे दिले जाते. परंतु उपलब्ध प्रती त्याच्या कालाहून पुष्कळ अलीकडच्या असून त्यांत फारसी दप्तरी शब्द सर्रास येतात. यावरून हेमाडपंताचे कर्तृत्व खरे की खोटे एवढाच वाद घालणे मला अपुरे वाटते. खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, रीत बदलताच नकलणाऱ्याने पोथीही बदलली. नाव मात्र जुनेच ठेवले. दुरुस्ती व टिपण हे तेथे एकाच लेखणीचे काम होते. याच्या उलट राज्याभिषेकानंतर सिद्ध झालेला रघुनाथपंडिताचा ‘राज्यव्यवहारकोश’ ही एकदम वरून आलेली दुरुस्ती. कोश उत्तम होता, पण दप्तरातील कारकुनाच्या बोटांतून फारसी शब्द त्यामुळे गेले नाहीत.

दुसरी एक सोय मराठी पत्रांत होती. मजकूर संपला तेथे मोर्तब उमटे. शिवछत्रपतींच्या पत्रांवरील ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा सर्वपरिचित आहे. मजकुराची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी ओळ घुसडू नये, हा तिचा अर्थ. दूरच्या लेखकाचा शब्द वाटेत न बदलता हाती पडला, याची ग्वाही घेण्याचा तो उपाय होता. पुढील हकीकत वाचताना हा उपाय ध्यानात असू द्यावा.

उरणच्या मिठागरांच्या व शेतांच्या भूमीवर न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. पुढे त्यात खाजगी टर्मिनले आली. त्यांपैकी २००६ साली सुरू झालेले गेटवे टर्मिनल्स इंडिया हे डॅनिश मर्स्क समूहाची एपीएम टर्मिनल्स ही शाखा व कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया यांचे संयुक्त टर्मिनल. अशा ठिकाणी कंटेनर कोणत्या रांगेत, कितव्या थरावर आहे, जहाजात तो कोठे ठेवायचा, कोणता ट्रेलर कोणत्या फाटकाने आत घ्यायचा, हे सर्व संगणकात असते. जहाज येण्यापूर्वी त्याच्या मांडणीचा संदेश ठरलेल्या व्याकरणाच्या सांकेतिक भाषेत येतो. ती भाषा माणसाने वाचावी म्हणून रचलेली नाही.

२७ जून २०१७ रोजी हे टर्मिनल ठप्प झाले. कारण उरणमध्ये नव्हते, मुंबईतही नव्हते. युक्रेनमधील अनेक व्यापारी संस्था करविषयक हिशेबासाठी ‘एम.ई.डॉक’ नावाची आज्ञावली वापरीत. तिच्या दुरुस्त्या जेथून पाठवल्या जात ते यंत्र आक्रमकांनी आधीच ताब्यात घेतले होते. नेहमीच्या दुरुस्तीच्या वाटेनेच ‘नॉटपेट्या’ या नावाने पुढे ओळखला गेलेला घातक मजकूर ग्राहकांच्या संगणकांत शिरला, तेथून मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात पसरला आणि न्हावा-शेव्यास पोचला. ग्रंथसंपादनाच्या भाषेत बोलायचे तर प्रक्षिप्त पाठ मूळ लेखकाच्याच हस्ते आला. मोर्तब करणाराच परक्याच्या हाती होता!

या घटनेतून लोक बहुधा एकच धडा काढतात: दुरुस्त्या वेळच्या वेळी कराव्यात. तो खोटा नाही. ज्या छिद्राचा हा मजकूर उपयोग करी त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे साडेतीन महिने आधीच, प्रसिद्ध केली होती. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने त्याच छिद्रातून जगभर धुमाकूळ घातल्यावर तर कोणास अज्ञानाची सबब उरली नव्हती. पण नॉटपेट्या संगणकाच्या स्मृतीतून परवलीचे शब्दही चोरी, व त्यांच्या बळावर दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरे. म्हणजे एक दुरुस्ती घेतली नाही म्हणून काही बुडाले, एक दुरुस्ती विश्वासाने घेतली म्हणून काही बुडाले आणि काही निव्वळ शेजारामुळे बुडाले.

प्रतींची गोष्ट तर याहूनही उद्बोधक आहे. कोणास कोठे प्रवेश आहे याची मर्स्कची नोंद सुमारे दीडशे यंत्रांवर होती आणि ती परस्परांशी सतत जुळवून घेत. सर्व प्रती सारख्याच अद्ययावत, म्हणून सर्व एकदमच नष्ट झाल्या. वाचली ती एकच, घानामधली. कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती व ते यंत्र जाळ्यापासून तुटले होते. तिचा संग्रह नायजेरियामार्गे माणसाकरवी इंग्लंडला न्यावा लागला. पोथ्यांचा शोध घेणाऱ्यास यात नवल वाटणार नाही. राजधानीतले दप्तर जळते आणि आडगावच्या एखाद्या घरात एक प्रत उरते. कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितल्याप्रमाणे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांचे धरले गेले.

तोवर न्हावा-शेव्यास काम हाताने चालवण्याचा प्रयत्न झाला आणि ट्रेलर तुंबतील हे ओळखून बंदर प्रशासनाने ते उभे करण्यास जागा देऊ केली. हाताने काम चालवणे म्हणजे काय, याचा विचार मार्गदर्शिका लिहिणारे सहसा करीत नाहीत. अमुक कळ दाबावी, तमुक चौकट उघडेल, असे त्या सांगतात. चौकटच उघडली नाही तर कंटेनर शोधायचा कसा, हे कोठेच नसते. या व्यवसायात कागद-पेन्सिलीने चालेल अशी एक गोष्ट मात्र पूर्वीच्या लोकांनी करून ठेवली आहे. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे व सात अंक असतात. अक्षरांना ठरलेल्या किमती देऊन पहिल्या दहा चिन्हांना क्रमाने १, २, ४, ८ असे ५१२ पर्यंत दुपटीने गुणावे, बेरजेस ११ ने भागावे. बाकी उरेल तो शेवटचा अंक (बाकी १० उरल्यास शून्य). लिहिताना एखादा आकडा चुकला की सहसा बाकी जुळत नाही. हे मोर्तब कंटेनरच्या अंगावरच आहे. वीज नसली तरी ते वाचता येते.

मराठी मार्गदर्शिकांची स्थिती याहून फारशी बरी नाही. एका कार्यालयात मी नव्या प्रणालीची मराठी पुस्तिका पाहिली. तीत जागोजाग ‘जतन करा’ अशी आज्ञा होती. पडद्यावरील कळीवर मात्र, मधल्या काळात झालेल्या दुरुस्तीनंतर, ‘साठवा’ असे शब्द आले होते. पुस्तिका लिहिणाऱ्यास हे कोणी कळवले नव्हते आणि दुरुस्ती करणाऱ्यास पुस्तिका आहे हेच ठाऊक नव्हते. दोन्ही शब्द चांगले मराठी आहेत. दोष भाषेचा नाही. तेथील एका ज्येष्ठ लिपिकबाईंनी पुस्तिकेच्या समासात पेन्सिलीने ‘आता साठवा’ असे लिहून खाली तारीख घातली होती, आणि नव्याने आलेल्या मुलांना त्या छापील मजकुराऐवजी तो समासच वाचावयास सांगत होत्या.