वाडी, परसू आणि कुंडी : मुंबईतील घरगुती फुलबागेचा शब्दांवरून दिसणारा इतिहास

मुंबईचा इतिहास लिहिताना किल्ला, गोदी, गिरण्या आणि चळवळी यांचा विचार पुष्कळ झालेला आहे. त्या मानाने घराभोवती वाढणाऱ्या फुलझाडांकडे लक्ष गेलेले नाही. याचे कारण उघड आहे. सरकारी बागेचे दप्तर असते. घरगुती बागेचे नसते. जागा बांधकामाखाली गेली की तिची खूण जमिनीवर उरत नाही. भाषेत मात्र ती दीर्घकाळ टिकते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील स्थलनामे, बागकामाचे शब्द आणि फुलांची नावे एकत्र ठेवून पाहिली असता या बागेच्या इतिहासाची स्थूल रेषा आखता येते.

आरंभ 'वाडी' या शब्दापासून करणे इष्ट होय. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) या शब्दाचे कुंपण घातलेली बागायती जमीन आणि लहान वस्ती असे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. मुंबईत या दोन अर्थांमधील अंतर म्हणजेच शहराच्या वाढीचा इतिहास. गिरगाव आणि काळबादेवीच्या परिसरातील फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, जांभूळवाडी ही नावे पहिल्या अर्थाची साक्ष देतात; तेथील आजची दाट वस्ती दुसऱ्या अर्थाची. मुगभाट आणि बोरभाट या गिरगावातील नावांत दिसणारा 'भाट' हा शब्द गोव्यात नारळीच्या बागेला आजही लावला जातो. परळ हे नाव पाडळ वृक्षावरून आले असावे, असे एक मत आहे. परळीच्या वैजनाथाशी ते जोडणारे मतही प्रचलित आहे. लालबाग या नावात तर बागेचा उल्लेख उघडच आहे.

पोर्तुगीज अमलात या बागांना 'ओर्ता' म्हणत. पुढे मुंबईच्या इंग्रजी कागदपत्रांत त्याचेच 'ओर्ट' असे रूप रूढ झाले व ते मुख्यतः नारळीच्या बागांना लावले जाई. योगायोग असा की, सोळाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेट ज्याच्याकडे पट्ट्याने होते, त्या पोर्तुगीज वैद्याचे नाव गार्सिया द ओर्ता असे होते. त्याचा वनौषधींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, आणि त्यात मुंबईतील आपल्या मालकीच्या, वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचा त्याने उल्लेख केला आहे. मुंबईच्या घरगुती बागेचा हा एक जुना लिखित दाखला म्हणता येईल.

वाडीत नारळी-पोफळी ही उत्पन्नाची झाडे, तर घराच्या मागील 'परसू' ही घरच्या उपयोगाची जागा. विहिरीच्या पाटाकाठी केळ, अळू आणि कर्दळ; कुंपणाशी जास्वंद आणि तगर; अंगणात वृंदावन, प्राजक्त आणि जाईचा मांडव, अशी ही रचना असे. आळे, वाफा, ताटवा, पाट, मांडव हे सर्व शब्द या जमिनीवरील बागेचे आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जमीन झपाट्याने आटली. १८५० नंतर कापडगिरण्या निघाल्या आणि १८६४ च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या ८ लाख १६ हजारांवर भरली. वाड्यांत चाळी उठल्या. तथापि परसू नाहीसे होण्यास जमिनीची टंचाई हे एकच कारण नव्हते. पाणी हेही तितकेच महत्त्वाचे कारण होते. १८६० मध्ये विहारचे आणि १८९२ मध्ये तानशाचे पाणी शहरात आले, तरी बागेचा आधार विहीरच होती. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाविषयी अहवाल सादर केला. शहरातील विहिरींत वाढणारा अॅनॉफिलिस डास हे या रोगाचे प्रमुख कारण असल्याचे त्यात दाखविले होते. त्यानंतर विहिरी बुजविण्याची वा झाकण्याची मोहीम सुरू झाली. विहिरींना धार्मिक महत्त्व देणाऱ्या पारशी आणि हिंदू कुटुंबांनी तिला विरोध केला. परंतु आरोग्याच्या दृष्टीने ती उपेक्षणीय नव्हती. विहीर गेली तेव्हा पाट गेला, आणि पाट गेल्यावर परसू उरण्याचे कारण राहिले नाही. जमिनीतील आळ्याची जागा कुंडीने घेतली.

याच काळात बागेतील झाडेही बदलत होती. १८३० मध्ये स्थापन झालेल्या 'अॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' या संस्थेची बाग प्रथम शिवडी येथे होती. १८६० नंतरच्या दशकात ती जागा ख्रिस्ती दफनभूमीकडे गेली. तत्पूर्वी, १९ नोव्हेंबर १८६२ रोजी, भायखळ्याजवळ व्हिक्टोरिया गार्डन्स ही बाग खुली झाली होती. डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचा या कार्याशी निकट संबंध होता. १८७३ मध्ये ही बाग नगरपालिकेकडे आली. लोकांनी तिला 'राणीची बाग' म्हटले; १९६९ पासून ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. लालबाग-परळच्या रहिवाशास परदेशी झाडे डोळ्यांनी पाहण्याची ही जवळची जागा होती. तेथे दरवर्षी भरणारे फुलांचे प्रदर्शन आजही तेच काम करते.

परदेशी झाडे येथील घरात शिरली, तेव्हा मराठीने त्यांना कशी नावे दिली हे पाहणे उद्बोधक आहे. बूगनव्हिल या फ्रेंच नाविकाच्या नावावरून सिद्ध झालेल्या वनस्पतिनामाचे मराठीत 'बोगनवेल' झाले. नावाच्या उत्तरार्धात ओळखीचा 'वेल' ऐकू आला, आणि झाडही वेलीसारखे चढणारे असल्याने शब्द पक्का झाला. अमेरिकेतून आलेल्या पॅशनफ्लॉवरमध्ये युरोपीय धर्मोपदेशकांना ख्रिस्ताच्या यातनांची चिन्हे दिसली. मराठी माणसास त्याच फुलाच्या तंतूंत शंभर कौरव, पाच परागकोशांत पाच पांडव आणि तीन कुक्षींत ब्रह्मा-विष्णु-महेश दिसले. फुलाचे नाव 'कृष्णकमळ' झाले. मेक्सिकोच्या एका कंदास 'निशिगंध' हे संस्कृत नाव मिळाले. कुंडीत सहज वाढणाऱ्या, दक्षिण अमेरिकेतील पोर्टुलाकाचे फूल ऊन चढल्यावर उमलते. त्यास 'ऑफिस टाइम' हे नाव पडले. घड्याळाच्या काट्यावर दिवस चालविणाऱ्या नोकरदार वर्गाचीच छाप या नावावर आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबईच्या घरगुती बागेत झाडे बाहेरून आली, जागा बदलली, पात्रे बदलली; परंतु ऋतुक्रम बदलला नाही, आणि हा क्रम पुष्कळ अंशी पूजेचा क्रम होता. मृग नक्षत्र लागले की फांद्या लावावयाच्या आणि झेंडूचे बी पेरावयाचे, म्हणजे दसऱ्यास फुले मिळतात. झेंडू हा मूळचा मेक्सिकोचा. अर्थात दसऱ्याच्या तोरणातील त्याचे स्थान सोळाव्या शतकापूर्वीचे असू शकत नाही. तथापि एकदा स्थान मिळाल्यावर त्याच्या पेरणीची तिथी सणावरून ठरू लागली. भाद्रपदात गणपतीस जास्वंद व दूर्वा आणि गौरीस तेरडा. पावसाळा संपताच गुलाबाची छाटणी. कार्तिकात तुळशीचे लग्न, त्याच सुमारास शेवंतीचा बहर. थंडीत मोगऱ्याचे पाणी तोडून त्याची छाटणी करावयाची, म्हणजे चैत्र-वैशाखात तो फुलतो. कुंडीतील लाल माती आणि शेणखत बदलण्याचे कामही याच क्रमात बसविलेले असे. युरोपीय बागेची रचना रंग आणि आकार यांच्या मांडणीवर आधारलेली असते. येथील घरगुती बागेची रचना फूल केव्हा आणि कोणास वाहावयाचे यावर आधारलेली होती. म्हणूनच दोन हात लांबीच्या गॅलरीतही ती पूर्ण असू शकली.

हाच भेद हरितगृहाच्या बाबतीतही दिसतो. थंड देशांत काचेच्या घराचे प्रयोजन ऊब साठविणे हे असते. मुंबईस हिवाळ्यातील किमान तपमान सामान्यतः १५ ते २० अंश सेल्सियसच्या दरम्यान असते, आणि दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. येथील झाडास थंडीपासून संरक्षण नको. वैशाखातील ऊन आणि आषाढातील झोड यांपासून हवे. म्हणून मुंबईत काचघराचे काम झावळ्यांच्या मांडवाने, गॅलरीवरील बांबूच्या चिकाने आणि अलीकडे हिरव्या जाळीने केले. तरीही काचघराचा मुंबईवर एक उपकार आहे. १८३० च्या सुमारास लंडनचे वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड यांनी काचेची बंद पेटी तयार केली. तीत रोपे महिनोन्महिने जहाजावर जिवंत राहत. देशोदेशींच्या वनस्पतींची ने-आण या फिरत्या हरितगृहामुळे सुलभ झाली. आज 'हरितगृह' हा शब्द ऐकताच मावळातील तळेगावच्या बाजूची गुलाबाची शेती आठवते. अशा शेतीतील फुले दादरच्या फूलबाजारात उतरतात आणि घरच्या कुंडीशी स्पर्धा करतात.

विसाव्या शतकात घरगुती बागेचे दोन मार्ग झाले. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधारणा विश्वस्त मंडळाने दादर-माटुंगा भागात मोकळ्या जागा सोडून वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी येथील घरांभोवती झाडांस जमीन मिळाली. परळ-लालबागच्या चाळींत ती मिळाली नाही. नायगाव, वरळी, शिवडी व ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळी १९२० नंतर उभ्या राहिल्या. त्यांच्यासारख्या वास्तूंत एका खोलीत अनेक माणसे राहत. तेथे वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात तुळस, फुटक्या बादलीत मायाळू आणि खिडकीच्या गजास गोकर्ण एवढीच बाग शक्य होती. मात्र जेथे समाईक गॅलरी होती, तेथे ही बाग कोणा एकाची राहत नसे. येणाराजाणारा तिच्यास पाणी घाली आणि शेजारीण पूजेपुरती फुले मागून नेई. परसू नाहीसे झाले तरी त्याचा हा सामाजिक गुण गॅलरीत शिल्लक राहिला.

आज गिरगावपासून लालबागपर्यंत चाळींचा पुनर्विकास चालू आहे. नव्या सदनिकेत जागा अधिक मिळते, ही गोष्ट रहिवाशांच्या दृष्टीने मोठी आहे आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु समाईक गॅलरी तेथे नसते, आणि असलेला सज्जा पुष्कळदा काचेने बंद होतो. शिवाय १९११ चा प्रश्न नव्या रूपात पुढे आहे. डेंग्यू पसरविणारा एडीस डास कुंडीखालील ताटलीत साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि महानगरपालिकेचे कर्मचारी घरोघरी अशी पाणी साचणारी ठिकाणे तपासतात. विहिरीच्या वेळी रोगाबरोबर बागही गेली. या वेळी तसे होण्याचे कारण नाही, कारण ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी पुसणे एवढाच त्यावर उपाय आहे.

वाडी, परसू, गॅलरी आणि कुंडी हा क्रम केवळ संकोचाचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. शब्दांचा पुरावा निराळे सांगतो. आळे आणि पाट हे शब्द शहरी बोलीतून मागे पडले. पण मृगाची लावणी, दसऱ्याचा झेंडू आणि चैत्रातील मोगरा ही शब्दयोजना अद्याप जिवंत आहे. मुंबईची घरगुती फुलबाग जमिनीच्या आधारावर टिकली नाही. ती पंचांगाच्या आणि शेजाराच्या आधारावर टिकली. यांपैकी पंचांग नव्या इमारतीतही भिंतीवर राहील. शेजारासाठी मात्र इमारतीच्या आराखड्यातच जागा ठेवावी लागेल.