नकाशाची तारीख : नंदुरबार जिल्ह्यात वाट दाखवण्याचा इतिहास

कारखान्यातच मोटारीत बसवलेली नेव्हिगेशन यंत्रणा, म्हणजे उपग्रहांच्या संदेशांवरून गाडीचे ठिकाण ओळखून पडद्यावरील नकाशावर पुढची वाट दाखवणारी यंत्रणा, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात श्रीमंतीची खूण मानली जात होती. पुढच्या वीस वर्षांत तीच यंत्रणा त्या मोटारीतली सर्वांत आधी निरुपयोगी झालेली वस्तू ठरली. इंजिन धडधाकट आणि कातडी आसने शाबूत असली, तरी पडदा मात्र बंद पडलेल्या वळणांवर गाडी नेऊ पाहतो आणि नव्या महामार्गावर गाडी शेतातून चालल्याचे दाखवतो. तंत्रज्ञानाच्या वेगामुळे असे झाले, हे स्पष्टीकरण खरे असले तरी अपुरे आहे. नकाशा जमिनीची एका दिवसाची स्थिती नोंदवतो, आणि ज्या यंत्रात तो बंदिस्त केला जातो ते यंत्रही त्या दिवसाशी बांधले जाते. नंदुरबार जिल्ह्याच्या इतिहासात हे विशेष ठळकपणे दिसते, कारण येथे एका शतकाच्या आत जिल्ह्याचे नाव, राज्याची सीमा, महामार्गाचा क्रमांक आणि खुद्द नदीचा काठही बदलला.

हा प्रदेश कधीच आडवाटेचा नव्हता. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात इब्न बतूता दौलताबादहून खंबायतकडे जाताना नंदुरबारला थांबला होता आणि तेथील मराठ्यांच्या कारागिरीची त्याने नोंद केली. अकबराच्या काळात नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एका सरकारचे, म्हणजे अनेक परगण्यांच्या मोठ्या महसुली विभागाचे, ठाणे होते. सुरतेच्या बंदरातून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे जाणारा व्यापारी रस्ता नवापूर आणि नंदुरबार या गावांतून जात असे; इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये याच रस्त्याने बुऱ्हाणपूरला गेला, आणि त्याच शतकात फ्रेंच जवाहिरा ताव्हेर्निए याने या वाटेवरील मुक्काम आणि त्यांतील अंतरे कोसांत लिहून ठेवली. नवापूरच्या बारीक, कस्तुरीसारख्या वासाच्या तांदळाची त्याने केलेली वाखाणणीही त्याच यादीच्या ओघात येते. कोस म्हणजे साधारण दोन मैल, परंतु प्रांतागणिक लहानमोठा होणारा. प्रवाशाच्या हाती चित्ररूप नकाशा नसे, मुक्कामांची ही माळ असे, आणि एखादे गाव ओस पडले किंवा नदीचा उतार सरकला तर पुढचा तांडा ती माळ आपोआप दुरुस्त करून घेत असे.

दोन मुक्कामांमधली वाट दाखवणे हे गावाचे काम होते. गावच्या शिवेपर्यंत सरकारी माणसाला पोचवणे, त्याचे ओझे वाहणे आणि पुढच्या गावच्या वाटाड्याच्या हवाली त्याला करणे ही कर्तव्ये महार वतनदारांकडे असत, तर खानदेशात गावाची राखण करणारे जागले बहुधा भिल्ल असत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण जे ज्ञान सर्वांत नेमके आणि सर्वांत ताजे होते, तेच जातीच्या बंधनाने आणि वेठीने, म्हणजे मोबदल्यावाचून किंवा नाममात्र मोबदल्यावर, काढून घेतले जात होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनातील या गुलामगिरीविरुद्ध विधेयक मांडले, आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ मध्ये झाला. वाटेचे जाणकार असलेल्यांची नावे मात्र प्रवासवर्णनांत क्वचितच आढळतात.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर हे ज्ञान कागदावर उतरवणे ही राज्यकारभाराची गरज झाली. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत सैन्य नेता यावे यासाठी घाट, पाणवठे आणि उतार माहीत असणे आवश्यक होते, आणि १८२५ पासून उभारलेल्या खानदेश भिल्ल पलटणीचा एक उपयोग तोच होता. पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाने, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाने, देशाचे एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाचे पत्रक-नकाशे काढले. आजच्या नंदुरबार जिल्ह्याचा बहुतेक भाग ४६ जी आणि ४६ के या गटांतील पत्रकांवर येतो. या पत्रकांत समोच्चरेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, इतक्या नेटक्या आहेत की तोरणमाळच्या पठाराचा आकार त्यांवरून डोळ्यांसमोर उभा राहतो. माणसांच्या वस्तीचे चित्र मात्र विरळ उतरते. काठी, सिंगपूर, गव्हाळी यांसारखी मेवासी संस्थाने आणि अक्राणीचा डोंगराळ परगणा या भागांत गाव म्हणजे एका ठिकाणी दाटलेली घरे नव्हेत. गाव अनेक पाड्यांत विभागलेले असते, पाडे टेकड्यांवर पसरलेले असतात, आणि एकाच गावाची दोन टोके कित्येक किलोमीटर दूर असू शकतात. नकाशावर अशा गावासाठी एक ठिपका आणि एक नाव येते. हा दोष पुढे प्रत्येक अंकीय नकाशाने वारशात घेतला.

त्यानंतरचे शतक या पत्रकांना सतत खोटे ठरवणारे होते. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची विभागणी होताना नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतील काही गावे गुजरातकडे गेली. उरलेला पश्चिम खानदेश धुळे जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. सीमेची ही फेररचना आजही नवापूर रेल्वेस्थानकावर पाहता येते, कारण दोन राज्यांची सीमा फलाटावरूनच जाते. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाच्या फुगवट्याने तापीकाठची जमीन पाण्याखाली घेतली.

सर्वांत मोठा बदल नर्मदेच्या काठी झाला. सरदार सरोवर धरणामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बुडिताखाली आली, त्यांत मणिबेली पहिले. १९९३ च्या पावसाळ्यापासून पाणी टप्प्याटप्प्याने चढत गेले, सप्टेंबर २०१७ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोचला. नदीकाठच्या पायवाटा, उतार आणि शेते नाहीशी झाली. विस्थापितांच्या वसाहती तळोदा, शहादा आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या सपाटीवर नव्याने वसल्या. जे डोंगरावर वर सरकले त्यांच्या घराशी जाणारी वाट बोटीची झाली आणि आरोग्यसेवेलाही तरंगता दवाखाना वापरावा लागला. एकाच गावाचे नाव बुडालेल्या जागी, डोंगरावर आणि सपाटीवरच्या वसाहतीत अशा तीन ठिकाणी जिवंत राहू शकते, ही गोष्ट कोणत्याही नकाशाच्या रचनेत आधी गृहीत धरलेली नव्हती. ज्यांनी आपले गाव गमावले, त्यांना ते निदान अचूक नोंदले जाण्याचा हक्क आहे, आणि हा हक्क पुनर्वसनाच्या हिशेबांत फार उशिरा आणि फार तुटपुंजा मानला गेला.

मोटारीतील यंत्रणेचा उदय याच दशकांतला आहे. १९८१ मध्ये होंडाने जपानमध्ये जडत्वावर चालणारे, पारदर्शक फिल्मवरील नकाशा वापरणारे साधन विकायला काढले. १९९० मध्ये माझ्दाच्या युनोस कॉस्मो या मोटारीत उपग्रहांवर आधारित यंत्रणा कारखान्यातूनच बसवून आली आणि १९९४ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजने ती युरोपीय मोटारींत आणली. तेव्हा अमेरिकेने नागरी वापरासाठीचा संकेत मुद्दाम सदोष ठेवला असल्याने सुमारे शंभर मीटरची चूक होत असे. मे २००० मध्ये हा निर्बंध उठला. घाटात एका वळणाची गाडी दुसऱ्या वळणावर दाखवायला शंभर मीटर पुरेसे असतात, म्हणून त्याआधीच्या यंत्रणा चाकांच्या फेऱ्या मोजून अंतराचा स्वतंत्र हिशेबही ठेवत.

नकाशा सीडीवर, मग डीव्हीडीवर, मग गाडीतल्या चकतीवर साठवला जाई, आणि नवा नकाशा हवा असेल तर विक्रेत्याकडून विकत घेऊन सांकेतिक क्रमांकाने सुरू करावा लागे. ऑडिओ, टेलिफोन आणि नेव्हिगेशन या सुट्या पेट्या अनेक जर्मन मोटारींत प्रकाशतंतूच्या एकाच वर्तुळात जोडलेल्या असत, त्यामुळे एक पेटी बिघडली तर सारी साखळी मुकी होई आणि एकच भाग बदलून गाडी अद्ययावत करणे जमत नसे. ब्लूटूथ, म्हणजे जवळच्या दोन उपकरणांना तारेवाचून जोडणारी रेडिओपद्धती, याच वर्तुळात अडकली. तिच्यात प्रत्येक कामासाठी वेगळा ठराविक संवादक्रम असतो. बोलण्यासाठीचा क्रम गाडीत आहे पण संगीत पाठवण्याचा नाही, अशी स्थिती एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या कितीतरी मोटारींत होती, म्हणून फोन जोडला जाई, बोलता येई, गाणे मात्र वाजत नसे. शिवाय उपग्रहांची कालगणना १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते. १९९९ आणि २०१९ मध्ये असे झाले, आणि ज्या जुन्या यंत्रणांत त्याची तजवीज नव्हती त्यांच्या पडद्यावर तारीखच मागे गेली.

भारतात या नकाशांना दुहेरी अडचण आली. सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांवर सुरक्षेची बंधने होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराची वेगळी पत्रके काढली आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांना नकाशे करण्याची जवळपास पूर्ण मोकळीक दिली. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या मॅपमायइंडियासारख्या कंपन्यांनी रस्त्यांवरून गाड्या फिरवून अंकीय नकाशा उभा केला, परंतु तो शहरांकडून आणि महामार्गांकडून सुरू झाला, हे व्यापाराच्या दृष्टीने साहजिकच होते. त्यातच २०१० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले, आणि सुरतेहून नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारी घाटमार्गे धुळ्याकडे जाणारा सहा क्रमांकाचा महामार्ग त्रेपन्न क्रमांकाचा झाला. त्याआधीच्या चकतीवर चालणाऱ्या मोटारीला हा फलक ओळखताच येत नाही.

२०१४ मध्ये ॲपल कारप्ले आणि २०१५ मध्ये अँड्रॉइड ऑटो आले आणि गाडीचा पडदा हातातल्या फोनचे केवळ दर्शन झाला. नकाशा आणि यंत्र यांची गाठ सुटली, ही या इतिहासातील खरी सुधारणा होय. फोनचा नकाशा रोज दुरुस्त होतो, परंतु त्यासाठी मनोऱ्याचा संकेत लागतो, आणि धडगाव-मोलगी भागातल्या कितीतरी दऱ्यांत तो पोचत नाही. त्याहून गंभीर उणीव नावांची आहे. रस्ता उपग्रहचित्रात दिसतो; पाड्याचे नाव दिसत नाही. ते भिलोरी, पावरी किंवा मावची बोलणाऱ्या रहिवाशांनाच माहीत असते, आणि त्यांना विचारून नोंदवल्याखेरीज कोणत्याही नकाशात येत नाही. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेच्या चालकाला गावाचा ठिपका सापडतो, रुग्ण मात्र तिसऱ्या टेकडीवरच्या पाड्यात असतो, आणि नातेवाईक त्याला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत घेऊन येतात. पाड्यांच्या नावांची आणि पायवाटांची नोंद ग्रामसभांकडून करून घेण्याचे काम कोणत्याही उपग्रहापेक्षा स्वस्त आहे आणि तातडीचेही.