वरच्या खटक्यास आज्ञा कशी पोंचवावी?

वेल्डिंगचें यंत्र, घरगुती इन्व्हर्टर, विजेच्या मोटारीचा चार्जर ह्यांच्या पोटांत बहुधा एक 'ब्रिज' दडलेला असतो. त्याची एक बाजू म्हणजे एकावर एक रचलेले दोन खटके. आज हे खटके ट्रान्झिस्टरचे असतात. वरचा धन तारेस जोडलेला, खालचा ऋण तारेस, आणि दोघांच्या सांध्यांतून वीज बाहेर काढलेली. सेकंदाला हजारों वेळां ते आळीपाळीनें चालू व बंद होतात आणि एकाच दिशेनें वाहणाऱ्या विजेची उलटसुलट वीज बनवितात. दोन्ही एकदम चालू झाले, तर धन व ऋण तारा थेट जुळतात आणि डोळ्याचें पातें लवण्यापूर्वींच दोघेही जळून जातात.

खालच्या खटक्यास आज्ञा देणें सोपें. वरच्याचें दुखणें निराळें. २३० व्होल्टची वीज एकदिश केली, कीं तिचा दाब सुमारें ३२५ व्होल्ट होतो. मॉस्फेट जातीचा ट्रान्झिस्टर चालू करण्यास त्याच्या 'गेट'वर १० ते १५ व्होल्ट दाब लागतो. पण तो मोजावयाचा त्याच्याच 'सोर्स' नांवाच्या टोंकापासून. वरच्या ट्रान्झिस्टरचें हें टोंक म्हणजे तोच मधला सांधा, जो क्षणांत शून्यावरून ३२५ वर उडी घेतो. तेव्हां गेटचा दाब ३३७ व्होल्टच्या आसपास न्यावा लागतो. आणि तरीही सोर्सपेक्षां तो २० व्होल्टहून अधिक चढूं द्यावयाचा नाहीं, नाहीं तर आंतील, जातीनें काचेचाच भाऊबंद असलेला, अतिशय पातळ थर फुटतो. जमिनीवर उभें राहून झोपाळ्यावरच्या माणसाच्या पेल्यांत दूध ओतण्यासारखेंच हें काम आहे.

ही अडचण ट्रान्झिस्टरहून जुनी. १९३० च्या दशकांत थायरट्रॉन नळ्यांचे असे ब्रिज बांधीत, तेव्हांही वरच्या नळीचा कॅथोड अधांतरीच असे. म्हणून तिच्या तापतारेस व ग्रिडला वेगळाल्या ट्रान्सफॉर्मरांतून वीज द्यावी लागे. पुढें १९५७ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनींत थायरिस्टर जन्मास आला. ह्या दोघांचा एक गुण समान : दारावर एक टिचकी मारावी, कीं दार उघडें तें उघडेंच राहतें. तेवढ्यापुरता लहानसा पल्स ट्रान्सफॉर्मर पुरे होतो. बंद करण्याची यातायात मोठी खरी. पण ह्या गुणामुळें वरच्या खटक्याचा प्रश्न कित्येक वर्षें झांकलेला राहिला, असें मला वाटतें.

मॉस्फेटनें तो उघडा केला. १९५९ सालीं बेल प्रयोगशाळेंत मोहम्मद अटाला व डॉन कांग ह्यांनीं तो सिद्ध केला, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियांतील इंटरनॅशनल रेक्टिफायर कंपनीनें 'हेक्सफेट' ह्या नांवानें मोठ्या शक्तीचा मॉस्फेट बाजारांत आणला. त्याचें दार टिचकीनें उघडत नाहीं. उघडें असेपर्यंत धरून ठेवावें लागतें. येथें ट्रान्सफॉर्मर अपुरा पडूं लागतो, कारण त्याच्या वेटोळ्यावरील दाबाची सरासरी शून्य राहिली पाहिजे. खटका निम्मा वेळ चालू असेल तर ठीक. त्याहून फार अधिक वेळ असेल, तर गेटला मिळणारा दाब उतरत जातो. वर पी-जातीचा ट्रान्झिस्टर बसविला तर आज्ञा देणें सुलभ होतें. पण त्यांतील विद्युत्-वाहक मंदगति, म्हणून तेवढ्याच कामास सिलिकनचा तुकडा दुप्पट-तिप्पट मोठा लागतो.

तोड निघाली ती 'बूटस्ट्रॅप'ची. आपल्याच बुटाची पट्टी ओढून आपणांसच वर उचलावें, असा हा साहेबी विनोद. दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या मंडलांतही हें नांव रूढ होतें. खालचा खटका चालू असतांना सांधा जमिनीशीं येतो. तेवढ्यांत १२ व्होल्टच्या पुरवठ्यांतून एका डायोडवाटे लहानसा कंडेन्सर भरून घ्यावयाचा. मग सांधा वर गेला, कीं कंडेन्सर आपली शिदोरी घेऊन त्याच्याबरोबर वर जातो. डायोड वाट अडवितो, आणि ती शिदोरी गेटच्या कामीं येते. १९८० च्या दशकांत ही युक्ति आणि आज्ञा वर पोंचविणारें मंडल एकाच चिपमध्यें बसविलें गेलें. ५०० व्होल्टपर्यंत चालणारी 'आयआर २११०' ही त्यांतील विख्यात चिप. तिच्यांत चालू-बंदच्या आज्ञा क्षणिक ठोक्यांनीं वर धाडतात व तेथें त्या लक्षांत ठेविल्या जातात; सतत प्रवाह ठेविला असता तर चिप तापली असती.

मात्र शिदोरी संपते. वरचा खटका दीर्घकाळ चालूच ठेवावयाचा असेल, तर बूटस्ट्रॅप कुचकामी. तेथें वरच्या मजल्यास स्वतंत्र, अलग पुरवठा द्यावा आणि आज्ञा प्रकाशानें किंवा ट्रान्सफॉर्मरनें पाठवावी. खर्च वाढतो, पण वरचा मजला व आज्ञा देणारें नाजुक मंडल ह्यांमध्यें भिंत उभी राहते. मुंबईच्या लोकलगाड्यांच्या आयजीबीटी इन्व्हर्टरांसारख्या मोठ्या शक्तीच्या कामांत अलगपणावांचून गत्यंतर नसतें. लहान संचाला मात्र ही चैन कशाला? ड्रायव्हर निवडतांना पुष्कळजण आधीं किंमत पाहतात. मी आधीं विचारीन, वरचा खटका सलग किती वेळ चालूं राहणार?

हेक्सफेटच्या जनकांपैकीं एक ॲलेक्स लिडो. ह्यांनींच २००७ सालीं गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरांसाठीं नवी कंपनी काढली. त्यांच्या गेटची सहनशक्ति अवघी ६ व्होल्टच्या सुमाराची. सांधा क्षणभर शून्याखालीं घसरला, तर बूटस्ट्रॅपचा कंडेन्सर गरजेहून अधिक भरतो. जुन्या मॉस्फेटला त्याचें कांहीं वाटत नसे, ह्या नव्याचा मात्र प्राण जातो. म्हणून त्याच्यासाठीं बनविलेल्या ड्रायव्हरांत तो कंडेन्सर ५ व्होल्टच्या जवळपास रोखून धरण्याची सोय केलेली असते.