उदयंपेरूरची धर्मपरिषद व सुरियानी पोथ्यांतील ‘उणीव’

एखादी पोथी छापील प्रतीशीं ताडून पाहतांना तींत कांहीं श्लोक आढळले नाहींत, म्हणजे ‘त्रुटित’ असा शेरा मारून आपण मोकळे होतों. परंतु पान गळणें निराळें आणि शाखाच भिन्न असणें निराळें. हा विवेक सुटल्यास काय घडतें, याचें एक उदाहरण ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या इतिहासांतून येथें देत आहों. प्रसंग मलबारांतील असला, तरी त्याचा सूत्रधार गोव्याचा आर्चबिशप होता.

ख्रिस्ती लोकांच्या ‘नव्या करारा’ंत आज बहुतेक सर्वत्र २७ पुस्तकें मानतात. ही संख्या आरंभापासून ठरलेली नव्हती. नेमकीं हींच २७ पुस्तकें प्रमाण म्हणून सांगणारी उपलब्ध यादी प्रथम आढळते ती आलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या इ. स. ३६७ मधील पत्रांत. सिनाय येथील मठांत मिळालेल्या चौथ्या शतकांतील ग्रीक पोथींत या २७ खेरीज ‘बर्णबाचें पत्र’ व ‘हर्मासचा मेंढपाळ’ हीं पुस्तकेंही आहेत. उलट, ‘पेशित्ता’ नांवाच्या प्राचीन सुरियानी भाषांतरांत २२ च पुस्तकें आहेत. पेत्राचें दुसरें पत्र, योहानाचें दुसरें व तिसरें पत्र, यहूदाचें पत्र आणि प्रकटीकरण हीं पांच त्यांत मूळचींच नाहींत. खिलसूक्तें ऋग्वेदाच्या शाकल शाखेच्या गणनेंत येत नाहींत, म्हणून त्या शाखेस कोणी त्रुटित म्हणत नाहीं. तसाच हा प्रकार समजावा.

मलबारच्या प्राचीन ख्रिस्ती समाजाचा संबंध इराक-इराणांतील पूर्व-सुरियानी धर्मपीठाशीं होता. बिशप तिकडून येत आणि उपासनेची भाषाही सुरियानीच होती. कोडुंगल्लूर येथें १३०१ सालीं लिहिलेली, पौलाच्या पत्रांतील पाठांची एक सुरियानी पोथी आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत आहे. तिचा लेखक जखऱ्या नांवाचा अवघा चौदा वर्षांचा मुलगा होता. हिंदुस्थानांत लिहिलेल्या ज्ञात सुरियानी पोथ्यांत हिच्याहून जुनी दुसरी नाहीं.

इकडे रोमी पंथानें ट्रेंटच्या परिषदेंत ८ एप्रिल १५४६ रोजीं धर्मपुस्तकांची यादी कायम केली, ‘वल्गात’ हें लातिन भाषांतर प्रमाण ठरविलें, आणि चर्चच्या मान्य अर्थाविरुद्ध अर्थ लावण्यास मनाई केली. संहिता व भाष्य दोन्हींस एकदमच मर्यादा पडली. हीच मोजपट्टी घेऊन आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यानें जून १५९९ मध्यें कोचीनजवळ उदयंपेरूर येथें परिषद भरविली. सुरियानी प्रतींत वरील पांच पुस्तकें नाहींत, योहानाच्या शुभवर्तमानांतील व्यभिचारिणीची कथा नाहीं, योहानाच्या पहिल्या पत्रांतील स्वर्गांतील तीन साक्षींचें वचन नाहीं, असे दोष ठरावांत दाखविले आणि ते भरून काढण्याची आज्ञा झाली. पूर्व-सुरियानी परंपरा ज्यास केवळ ‘भाष्यकार’ म्हणून गौरवी, तो मोप्सुएस्तियाचा थिओडोर पाखंडी ठरला. कित्येक ग्रंथ जाळण्यास सांगितले. उरलेले फ्रान्सिस्को रोस या सुरियानी जाणणाऱ्या जेझुइटाकडून शुद्ध करवून घ्यावयाचे होते.

आतां या ‘उणिवां’ची परीक्षा करूं. तीन साक्षींचें तें वचन जुन्या ग्रीक पोथ्यांत नाहीं. इरास्मसनें १५१६ व १५१९ च्या ग्रीक आवृत्तींत तें घेतलें नव्हतें. आक्षेप झाल्यावर १५२२ मध्यें घेतलें. खुद्द रोमी पंथाच्या १९७९ च्या संशोधित वल्गातांतही तें नाहीं. व्यभिचारिणीची कथा सिनायच्या पोथींत नाहीं, तशीच व्हॅटिकनच्या प्राचीन ग्रीक पोथींतही नाहीं. तेव्हां या दोन स्थळीं तरी मलबारच्या ‘सदोष’ पोथ्यांनींच प्राचीन पाठ राखला होता. न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटीं आलेलें स्तुतिवाक्य अधिक आहे, हा परिषदेचा आक्षेप आजच्या संशोधकांसही बहुधा मान्य आहे. परिषदेचे सर्वच पाठनिर्णय चुकले असें नाहीं. प्रमाद झाला तो साक्षीदारासच गप्प करण्यांत. मतभेद असल्यास तो समासांत नोंदवितां येतो. जळलेल्या पोथीचा पाठ पुन्हां विचारतां येत नाहीं.

मेनेझिसास दोष देतांना आमची लेखणी थोडी अडखळते. तरुणपणीं एका स्तोत्राच्या जुन्या पोथींत नसलेले श्लोक आम्हीं छापील प्रतीवरून समासांत सुवाच्य अक्षरांत भरले होते, आणि वर ‘शोधितम्’ असेंही लिहिलें होतें. आज ती पोथी पाहणारास, ते श्लोक मुळांत होते व लेखकाकडून राहून गेले, असेंच वाटेल. संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, पोथींत जें नाहीं त्याची टीप वेगळ्या कागदावर करावी. पोथीस हात लावूं नये.