डर्बीच्या पाहुणचाराची कुळकथा

मे महिन्याचा पहिला शनिवार जवळ आला की अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुईव्हिलच्या विमानतळावर खासगी विमानांची रीघ लागते. एरवी हा विमानतळ रात्री जास्त जागा असतो, कारण ‘यूपीएस’ या पार्सल कंपनीचं जगातलं सर्वांत मोठं केंद्र इथेच आहे. केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीच्या आठवड्यात मात्र पार्सलांइतकंच पाहुण्यांचं काम असतं. अमेरिकेचं विमान वाहतूक खातं या दिवसांपुरत्या वेगळ्या सूचना काढतं आणि मोठ्या विमानतळावरची गर्दी शहरातल्या बोमन फील्ड या जुन्या धावपट्टीकडेही वळते. विमानतळापासून चर्चिल डाउन्स हे रेसकोर्स जेमतेम चार-पाच किलोमीटरवर आहे. २०१५ साली तिथे १,७०,५१३ माणसं जमली होती. शर्यत संपते दोन मिनिटांत. म्हणजे उरलेला सगळा आठवडा खाणंपिणं, भेटीगाठी आणि यजमानपण.

हे यजमानपण शर्यतीला मागाहून चिकटलेलं नाही. डर्बीचा जन्मच मुळी एका पाहुणचारातून झाला.

इंग्लंडमध्ये एप्सम गावाजवळ ‘द ओक्स’ नावाची एक हवेली होती. जनरल जॉन बरगॉइन हा तिचा आधीचा धनी. पुढे अमेरिकन क्रांतियुद्धात साराटोगाला शरण गेला तोच हा. त्याच्या बायकोचा भाचा एडवर्ड स्मिथ-स्टॅनली लवकरच डर्बीचा बारावा अर्ल होणार होता. १७७४ च्या जूनमध्ये एडवर्डच्या लग्नानिमित्त या हवेलीत असा जलसा झाला की त्यासाठी रॉबर्ट अ‍ॅडम या नामांकित वास्तुरचनाकाराने खास मंडप उभारला आणि खुद्द बरगॉइनने नाटक लिहिलं. पुढे हवेली अर्लकडे आली आणि घोड्यांचे शौकीन मित्र तिथे मुक्कामाला येऊ लागले. या मंडळींनी १७७९ साली तीन वर्षांच्या घोड्यांच्या माद्यांची शर्यत ठरवली आणि तिला हवेलीचंच नाव दिलं : ओक्स. पहिली ओक्स अर्लच्याच ब्रिजेटने जिंकली. त्या आनंदात दुसऱ्या वर्षी नर आणि माद्या अशा दोघांसाठी आणखी एक शर्यत ठरली. तिला नाव यजमानाचं द्यायचं की सर चार्ल्स बनबरी या बड्या पाहुण्याचं, यावर नाणं उडवलं गेलं आणि अर्ल जिंकला, असं सांगतात. नाण्याची गोष्ट खरी असो वा नसो, ४ मे १७८० रोजी झालेली पहिली डर्बी बनबरीच्याच डायोमेड घोड्याने मारली, हे मात्र पक्कं आहे.

कुळकथा इथून अमेरिकेकडे वळते, आणि तीही घोड्याच्या पाठोपाठ. डायोमेड म्हातारा झाला, पैदाशीसाठी त्याला कोणी विचारेना, तेव्हा १७९८ मध्ये तो व्हर्जिनियात विकला गेला. इंग्लंडने निकालात काढलेला हा घोडा तिकडे मात्र थोर वंशकर्ता ठरला. त्याचा मुलगा सर आर्ची, त्याचा टिमोलियन, त्याचा बॉस्टन आणि बॉस्टनचा लेक्सिंग्टन. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत लेक्सिंग्टनइतका मोठा जनक घोडा दुसरा झाला नाही. त्याची मुलगी सरॉन्ग, आणि सरॉन्गचा मुलगा अ‍ॅरिस्टायडीज. १७ मे १८७५ रोजी झालेली पहिली केंटकी डर्बी जिंकणारा घोडा हाच. एप्समच्या पहिल्या विजेत्याचं रक्त लुईव्हिलच्या पहिल्या विजेत्याच्या अंगात होतं.

ही केंटकी डर्बी उभी केली ती कर्नल मेरिवेदर लुईस क्लार्क (धाकटे) यांनी. पॅसिफिक महासागरापर्यंतची वाट शोधणाऱ्या विल्यम क्लार्कचे ते नातू. १८७२ च्या सुमारास ते युरोपात गेले, एप्समची डर्बी पाहिली, तिथल्या मंडळींत वावरले. परतल्यावर त्यांनी जॉन आणि हेन्री चर्चिल या मामांची जमीन भाडेपट्ट्याने घेतली; रेसकोर्सचं चर्चिल डाउन्स हे नाव या मामांवरून पडलं. क्लार्कनी शर्यतीसोबत डर्बी हे नावच नव्हे, तर मेजवानीची रीतही आणली. हेलेना मोद्जेस्का या पोलिश अभिनेत्रीला त्यांनी बोलावलं, पाहुण्यांत फिरवण्यासाठी जुलेपचं मोठं भांडं आधी तिच्यापुढे धरलं, तर तिने ते सगळंच आपल्याकडे ठेवून घेतलं आणि नवऱ्यासाठी आणखी एक मागवलं, अशी एक आख्यायिका लुईव्हिलमध्ये आवडीने सांगितली जाते.

जुलेप म्हणजे बर्बन व्हिस्की, साखर, कुटलेला बर्फ आणि ताजा पुदिना. हा शब्द मूळचा फारसीतला ‘गुलाब’, म्हणजे गुलाबपाणी. अरबीत त्याचा ‘जुलाब’ झाला, म्हणजे औषधी सरबत. एक फाटा युरोपमार्गे केंटकीच्या पेल्यात पोचला, दुसरा आपल्याकडे वैद्याच्या पुडीत. रेसकोर्सवर जुलेपचे खास पेले मिळू लागले ते १९३८ च्या सुमारास. जेवणात बर्गू असतो : मांस, मका आणि हाताला लागतील त्या भाज्या तासन्‌तास रटरटवून केलेला दाट रस्सा. या रश्श्याचा मान एवढा, की लेक्सिंग्टनच्या एका प्रसिद्ध बर्गू-आचाऱ्याच्या बिरुदावरून घोड्याचं नाव ‘बर्गू किंग’ ठेवलं गेलं आणि १९३२ ची डर्बी त्याच घोड्याने जिंकली. डर्बीच्या सकाळी राज्यपालांनी न्याहारी देण्याची प्रथा १९३० च्या दशकातली, हॅपी चँडलर यांच्या कारकिर्दीतली.

तेव्हा पाहुणे यायचे ते रेल्वेने. शिकागो-न्यूयॉर्कहून खास गाड्या सुटत. शहरातली हॉटेलं पुरत नसत, म्हणून कित्येक जण रुळांवर उभ्या असलेल्या पुलमन शयनडब्यांतच मुक्काम करत आणि लुईव्हिलचे रहिवासी घरातल्या खोल्या भाड्याने देत. डर्बीतली घरगुती पाहुणचाराची बाजू या खोल्यांनी जपली. विमानं हळूहळू आली. १९२७ मध्ये वैमानिक लिंडबर्ग आपलं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ विमान घेऊन बोमन फील्डवर उतरला, तेव्हा त्याला पाहायला मोठी गर्दी लोटली होती. युद्धकाळात, १९४१ साली, लष्कराच्या अभियंत्यांनी स्टँडिफर्ड फील्ड बांधलं आणि १९४७ मध्ये प्रवासी विमानं तिथे गेली. आजचा विमानतळ तोच.

प्रवास आणि डर्बी यांचं नातं किती घट्ट आहे, हे १९४३ मध्ये दिसलं. युद्धामुळे अनावश्यक प्रवासावर निर्बंध होते. बाहेरगावच्या लोकांना तिकिटं विकायची नाहीत, या अटीवर शर्यत झाली आणि गावकरी ट्रामने आले. तिला ‘स्ट्रीटकार डर्बी’ म्हणतात. काउंट फ्लीट जिंकला. परगावचा पाहुणा नसूनही मैदान भरलं होतं.

आता या पाहुणचाराची जी बाजू सोडून पुढे जाता येत नाही, ती. १८७५ च्या त्या पहिल्या शर्यतीत पंधरा घोडे धावले, त्यांपैकी तेरांवर काळे जॉकी होते. अ‍ॅरिस्टायडीजवर ऑलिव्हर लुईस होता आणि त्याचा प्रशिक्षक अ‍ॅन्सेल विल्यमसन गुलामीत जन्मलेला. ही शर्यत काळ्या माणसांच्या कसबावर उभी राहिली. पुढे वंशभेदाचा फास आवळत गेला आणि गोऱ्या जॉकींनी त्यांना मैदानातून हुसकून लावलं. १९०१ आणि १९०२ अशी सलग दोन वर्षं डर्बी जिंकणारा जिमी विंकफील्ड हा शेवटचा काळा विजेता. त्याने रशिया गाठला, तिथे नाव कमावलं. १९१९ मध्ये ओडेसाहून दोनशेहून अधिक घोड्यांसह पोलंडला निघालेल्या तांड्यात तो होता. मग फ्रान्समध्ये प्रशिक्षक झाला.

१९६१ साली, एकोणऐंशीव्या वर्षी, तो डर्बीसाठी लुईव्हिलला आला. क्रीडा-लेखकांच्या मेजवानीचं रीतसर आमंत्रण त्याला होतं. मेजवानी ब्राउन हॉटेलात होती. १९२६ मध्ये ‘हॉट ब्राउन’ हा शहराचा लाडका पदार्थ जिथे जन्मला, ते हेच हॉटेल. विंकफील्ड आणि त्याची मुलगी पुढच्या दारातून आत जाऊ लागले, तेव्हा त्यांना अडवण्यात आलं. बरीच समजूत काढावी लागली, मग आत सोडलं. आतही बहुतेकांनी पाठ फिरवली. रॉस्को गूस हा १९१३ चा गोरा विजेता मात्र त्याच्याशी बोलत बसला. निमंत्रित पाहुण्याला दारात अडवणं याहून वाईट यजमानपण मला सुचत नाही, आणि हे घडलं डर्बीच्याच दारात.

शहर नंतर बदललं, पण आपोआप नाही. हॉटेलांत वर्णभेदाला बंदी घालणारा वटहुकूम १९६३ मध्ये निघाला, तोही तरुणांनी रस्त्यावर उतरून सत्याग्रह केल्यावर. १९६७ मध्ये काळ्यांना कुठेही घर घेता यावं म्हणून आंदोलन पेटलं, मार्टिन लूथर किंग लुईव्हिलला आले आणि डर्बीआधीची मिरवणूक त्या वर्षी रद्द झाली. डिसेंबरात घरांचाही कायदा झाला. ऑलिम्पिकचं सुवर्णपदक घेऊन परतल्यावरही ज्याला या शहरातल्या गोऱ्यांच्या उपाहारगृहांत बसता येत नव्हतं, त्या मुहम्मद अलीचं नाव २०१९ पासून लुईव्हिलच्या विमानतळाला आहे. डर्बीचे बहुतेक हवाई पाहुणे आता त्याच्या नावाखाली उतरतात. मला हे योग्य वाटतं, आणि उशिराचं वाटतं.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर फेब्रुवारीत इंडियन डर्बी होते, तिचंही नाव त्याच एप्समच्या अर्लचं. त्यामुळे ही कुळकथा आपल्याला अगदीच परकी नाही. तुम्ही कधी लुईव्हिलला उतरलात, तर जुलेप जरूर मागवा, बर्गू खा, चर्चिल डाउन्सचे जुळे मनोरे पाहा. पण तासा-दीड तासाच्या अंतरावर लेक्सिंग्टन आहे, तिथे जायला वेळ काढा. तिथल्या ईस्ट सेव्हन्थ स्ट्रीटवरच्या जुन्या आफ्रिकन दफनभूमीत पहिली केंटकी डर्बी जिंकणारा ऑलिव्हर लुईस पुरलेला आहे.