गिटारवरून व्हायोलिनकडे वळताना सूर का चुकतो?

गिटारच्या दोन फ्रेटमध्ये (पडद्यांमध्ये) बोट कुठेही दाबले, तरी सूर जवळपास तोच लागतो. व्हायोलिनला पडदे नसतात. त्याची तार सुमारे 32.5 सेंमी लांब असते. मोकळी तार सा धरली, तर कोमल रे साधारण 18 मिमीवर येतो. तिथे बोट 5 मिमी सरकले, तरी सूर बेसूर होतो.

अकोले किंवा जामखेड तालुक्यातल्या गावात जवळ शिक्षक नसेल, तर चूक दाखवणारे कोणी नसते आणि कानाला चुकीच्या सुराची सवय लागते. म्हणून मोबाइलवर तानपुरा लावा. स्वर आधी गा, मग वाजवा. हिंदुस्थानी पद्धतीत मोकळ्या तारा बहुधा सा आणि पमध्ये लावतात; वाजवलेला सा-प त्यांच्याशी ताडून पाहा. पडद्याचे काम आता कानाला करायचे असते.