हिरकणीच्या वाडीत शेंगदाण्याचा केक



गेल्या कोजागिरीला आम्ही हिरकणीवाडीतल्या बायकांनी मुलांना हाताशी घेऊन शेंगदाण्याचा केक केला. कोजागिरीच का, ते रायगडच्या पायथ्याला कुणी विचारत नाही. हिरकणी गवळण दूध घालायला गडावर गेली, सांज झाली, दरवाजे बंद झाले. घरी तान्हं बाळ. ती त्याच रात्री कडा उतरून आली. ती रात्र कोजागिरीची, असं आपण आजीकडून ऐकलंय. आज एसटी स्थानकात बाळाला पाजायची खोली असते, तिलाही ‘हिरकणी कक्ष’च म्हणतात.

दाणे सोलता सोलता एका मुलीनं विचारलं, “हिरकणीच्या घरी शेंगदाणे होते का गं?” आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मग विचारपूस केली, पुस्तकं चाळली. त्यातून जे हाती लागलं, ते आज सांगतो.

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तिथली माणसं हजारो वर्षं तो पिकवत होती. पुढे जहाजांतून तो जगभर गेला, आपल्याकडेही आला. आपल्याकडे त्याची मोठी लागवड झाली ती एकोणिसाव्या शतकापासून. म्हणजे हिरकणीच्या भाजीत दाण्याचं कूट बहुधा नसणार. आणि आज? कूट नसेल तर उपासाची खिचडी होत नाही. आता तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण गौरव’ हे कोकणाच्या नावाचं वाणही आहे. परक्या मुलखातलं पीक असं घरचं झालं.

दाणे वाटून केलेलं लोणी, ज्याला दुकानात पीनट बटर म्हणतात, ते कार्व्हर यांनी शोधलं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. कॅनडातल्या मार्सेलस एडसन यांनी भाजलेले दाणे वाटायच्या रीतीचं पेटंट १८८४ सालीच घेतलं होतं. पण जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं काम त्याहून मोठं. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली आलं, तेव्हापासून ते मराठी घरांतले झाले.

कार्व्हर अमेरिकेत गुलाम आईच्या पोटी जन्मले. तान्हे असताना लुटारूंनी माय-लेकरांना पळवून नेलं. मालकानं एक घोडा देऊन बाळ परत मिळवलं, आई मात्र पुन्हा कधी सापडली नाही. आमची हिरकणी कडा उतरून बाळापाशी पोचली. त्या आईला वाटच मिळाली नाही. हे वाचून दाखवताना आमच्यातल्या दोघींना पुढे वाचवेना.

हे पोर दुसऱ्यांच्या घरी रांधून, कपडे धुऊन शिकलं आणि १८९६ साली टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला गेलं. तिथली जमीन कापूस घेऊन घेऊन थकली होती, त्यात बोंडं खाणारा भुंगा आला. कार्व्हर म्हणाले, भुईमूग लावा. त्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. १९०६ साली गाडीत अवजारं-बियाणं भरून गावोगाव फिरणारी शाळा निघाली. पण पिकलेल्या शेंगांचं करायचं काय? म्हणून १९१६ साली त्यांनी पुस्तिका काढली: भुईमूग कसा लावावा आणि त्याचे १०५ पदार्थ कसे करावेत. त्यात सूप होतं, पाव होता, केकही होता. शेतातली विद्या त्यांनी अशी चुलीपर्यंत आणली.

आता तुम्ही म्हणाल, केक आपला नव्हे. मग काकडीचं धोंडस काय आहे? काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, आणि पातेल्याला खाली-वर निखारे. तोही भाजलेला गोड पदार्थच की!

आमचा पहिला केक खालून करपला, आच मोठी ठेवली म्हणून. दुसरा जमला. तो असा: भाजून, सालं काढलेले दाणे तेल सुटेपर्यंत मिक्सरमध्ये वाटा. कडू, काळपट, बुरशीचे दाणे आधीच फेका. हे लोणी अर्धी वाटी, चिरलेला गूळ पाऊण वाटी, दही अर्धी वाटी, तेल पाव वाटी, दूध पाऊण वाटी एकत्र घोटा. त्यात दीड वाटी कणीक, एक लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ घाला. कुकरची शिट्टी आणि रबर काढा. तळाला मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवा. पाणी घालायचं नाही. दहा मिनिटं तापवून तेल लावलेलं भांडं आत ठेवा. मंद आचेवर पाऊण तास. सुरी खुपसून कोरडी निघाली की झालं. दाण्यानं अंगावर पित्त उठणाऱ्या किंवा धाप लागणाऱ्या मुलाला हा केक देऊ नका.

पाकिटातल्या केकसाठी पोरं हट्ट करतात. त्यांना नुसतं नको म्हणण्यापेक्षा दाणे सोलायला बसवा, आणि सोलता सोलता ही गोष्ट सांगा. पळवून नेलेल्या त्या आईला आपल्या लेकराला काही शिकवायला मिळालं नाही. आपल्याला मिळतंय.